व्हिडिओचं कलर ग्रेडिंग आणि एआय : नागपूरच्या एडिटरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की नागपुरातले लॉन बुक व्हायला लागतात आणि पाठोपाठ स्टुडिओवाल्यांच्या हार्ड डिस्क भरायला लागतात. मी याच शहरात लग्नं, माहितीपट आणि छोट्या जाहिरातींचं ग्रेडिंग, म्हणजे शॉटचे रंग आणि उजेड सावरण्याचं काम, करतो. एआयची टूल्स रोजच्या कामात आली तेव्हापासून रूमवर येणारे एडिटर आणि शिकायला बसणारी पोरं साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं हाताखालून गेलेल्या कामावरून दिली आहेत. तुमचं काम वेगळं असेल तर थोडा फरक पडेल.

एआयमुळे ग्रेडिंगमधला नेमका कोणता वेळ वाचतो?

ग्रेडिंगमध्ये तीन वेगळी कामं असतात. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतले, वेगवेगळ्या उजेडातले शॉट एका पातळीवर आणणं हे पहिलं. फ्रेममधला एखादा भाग, बहुतेक वेळा चेहरा, वेगळा काढून तेवढ्यापुरतं काम करणं हे दुसरं. आणि सगळ्या फिल्मला एक रूप देणं हे तिसरं. लोक तिसऱ्यालाच ग्रेडिंग समजतात, कारण तेच डोळ्यांत भरतं. वेळ मात्र पहिली दोन खातात.

एका लग्नात एक सोनी, एक कॅनन आणि एक गिंबलवरचा, असे तीन कॅमेरे धरा. सकाळची हळद, संध्याकाळची वरात, रात्रीचं रिसेप्शन. नवरदेवाचं तेच कपाळ एका कॅमेऱ्यात गुलाबी, दुसऱ्यात हिरवट. पूर्वी हे एकेक क्लिप उघडून हातानं जुळवायचो. मग चेहऱ्याभोवती गोल काढून तो ट्रॅक करायचो. नवरीनं मान वळवली की गोल सुटायचा आणि पुन्हा फ्रेम-फ्रेम सरकवत बसायचं. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर दहा सेकंदांचा शॉट म्हणजे २५० फ्रेम झाल्या. ज्या हायलाइट फिल्मला दोन रात्री जायच्या, तिचं हे ढोबळ काम आता एका दुपारी आटोपतं. उरलेला वेळ मी चेहऱ्यांना देतो. हा वेळ हाती आला, हीच एआयची खरी कमाई असं मी मानतो.

"एक बटन दाबलं का झालं, असं काही हाय का भाऊ?"

नाही. दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो कलर आहे, प्रीमियर प्रोच्या लुमेट्री पॅनलमध्ये ऑटो आहे, फायनल कटमध्येही तशी सोय आहे. मोकळ्या उजेडातला, नीट एक्स्पोज केलेला शॉट असेल तर ऑटो बऱ्यापैकी जागेवर आणून ठेवतं. त्याला सुरुवात समजा आणि पुढे हातानं जा.

हळदीचे शॉट ऑटोवर टाकले की चेहरे राखाडी-जांभळे का होतात?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि याचं उत्तर समजलं की ऑटोची निम्मी दुखणी समजतात.

रंगाचा तोल आपोआप सावरण्याची सगळ्यात जुनी युक्ती अशी: फ्रेममधल्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती साधारण राखाडी यायला हवी. सरासरी पिवळी आली, तर उजेड पिवळा असणार, मग निळा वाढवा. घरातल्या पिवळ्या बल्बखाली हे गणित बरोबर बसतं. हळदीला मात्र साडी पिवळी, झेंडूच्या माळा पिवळ्या, मांडवाचा कपडा पिवळा, आणि नवरीच्या गालावर खरीच हळद. उजेड ठीक असतो, पिवळेपणा वस्तूंचा असतो. सॉफ्टवेअरला हा फरक कळला नाही की ते निळा ओतत जातं. हळद फिकी पडते, आणि जिथे हळद नाही ती कातडी जांभळट दिसते. नवी टूल्स नुसत्या सरासरीवर चालत नाहीत, फ्रेममधल्या वस्तू ओळखून अंदाज बांधतात, त्यामुळे ती कमी चुकतात. पण फ्रेमभर एकच रंग पसरला की तीही फसतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळ्या मारबतीच्या (पुतळ्याच्या) मिरवणुकीत काढलेलं फुटेज ऑटोवर टाकून बघा, लगेच दिसेल.

उलटा प्रकार दीक्षाभूमीवर होतो. विजयादशमीला तिथे पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे आणि मागे स्तूपाचा पांढरा घुमट असतो. एवढा पांढरा असल्यामुळे रंगाचा तोल ऑटोला चटकन सापडतो. उजेडाचं गणित मात्र गडबडतं. सगळी फ्रेम फार उजळ झाली असं समजून ते खाली ओढलं जातं, पांढरं मळकट होतं आणि माणसांचे चेहरे काळवंडतात.

हळदीवरचा उपाय सोपा आहे. त्याच जागचा, त्याच उजेडातला असा एक शॉट शोधा ज्यात थोडं खरं पांढरं किंवा राखाडी आहे: भटजींचं उपरणं, स्टीलचं ताट, भिंतीचा चुना. त्या शॉटवर तोल हातानं साधा आणि तीच सेटिंग हळदीच्या सगळ्या क्लिपना लावा. ऑटोला हळदीच्या जवळ येऊ देऊ नका. शूटला जाणाऱ्या पोराच्या बॅगेत एक ग्रे कार्ड टाकलंत तर हा शोधही वाचेल.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? मोफतमध्ये काय मिळतं?

ग्रेडिंगच करायचं असेल तर माझं मत रिझॉल्व्हला. दाविंची हे ग्रेडिंगमधलं १९८४ पासूनचं नाव. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइननं ते विकत घेतलं. मोफत आवृत्तीत नोड (ग्रेडची एकेक पायरी), स्कोप (रंग-उजेड मोजणारे आलेख), कलर मॅनेजमेंट (वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे रंग एका मापात आणणारी सोय), ट्रॅकर आणि शॉट मॅच (एका शॉटच्या रंगांवर दुसरे जुळवणारं टूल) मिळतं, आणि ३८४० × २१६० पर्यंत रेंडर होतं, म्हणजे तयार फाइल निघते. शिकायला आणि छोट्या कामांना एवढं भरपूर आहे.

ज्यांना लोक एआय म्हणून ओळखतात ती बरीचशी टूल्स पैशांच्या स्टुडिओ आवृत्तीत आहेत: माणूस ओळखून वेगळा काढणारा मॅजिक मास्क, चेहरा ओळखून त्यावर काम करणारं फेस रिफाइनमेंट, शॉटमधली खोली ओळखणारं डेप्थ मॅप, नंतरून उजेड टाकणारं रीलाइट आणि अंधारातल्या शॉटचे दाणे घालवणारं नॉइज रिडक्शन. किंमत २९५ डॉलर, एकदाच. आजवर नव्या आवृत्तीसाठी पुन्हा पैसे द्यावे लागलेले नाहीत. कोणी ब्लॅकमॅजिकचा पॉकेट सिनेमा कॅमेरा घेतला असेल तर त्याचा खोका आधी तपासा, स्टुडिओची की त्यासोबत येते आणि बरेच जण ती तशीच पडू देतात.

प्रीमियरवर काम करणाऱ्यांनी लुमेट्रीतलं कलर मॅच वापरून बघावं. त्यात चेहरा ओळखून त्वचेला महत्त्व देण्याची सोय आहे. मॅकवाल्यांसाठी फायनल कट प्रोच्या ११ व्या आवृत्तीत, म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये, तशाच कामाचा मॅग्नेटिक मास्क आला. कलरलॅब एआयसारखी निव्वळ शॉट जुळवण्यासाठी बनलेली टूल्सही आहेत. रोज खूप क्लिपा हातून जात असतील तरच त्यांचा विचार करा.

मॅजिक मास्कला एवढं डोक्यावर का घेतलंय?

कारण आपल्याकडच्या कातडीचा रंग आणि आपल्याकडच्या वस्तूंचे रंग शेजारी-शेजारी बसतात.

पूर्वी चेहरा वेगळा काढायला क्वालिफायर वापरायचो, म्हणजे ठरावीक रंगछटा निवडायची आणि तेवढीच पकडायची. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत शेतकऱ्याचा चेहरा असा पकडून बघा. संत्रं, माती, लाकडी खोका आणि चेहरा हे सगळे लाल-पिवळ्याच्या मधल्याच पट्ट्यात येतात. चेहरा उजळायला गेलं की संत्रीही पेटतात. मॅजिक मास्क रंगाकडे न बघता आकार ओळखतो: हा माणूस, हा त्याचा चेहरा, हे हात, हे कपडे. त्यामुळे त्याच बागेत चेहरा एकटा सुटून येतो.

वापर असा. ज्या फ्रेममध्ये चेहरा पूर्ण आणि स्पष्ट दिसतो तिथे थांबा, मग ती क्लिपच्या मधोमध असली तरी चालेल. तिथे खूण करा आणि पुढे-मागे दोन्हीकडे ट्रॅक करा. रिझॉल्व्हच्या १७ व्या आवृत्तीत हे टूल आलं तेव्हा रेघ ओढावी लागायची. २० व्या आवृत्तीत नवा मास्क आला, त्यात नुसतं क्लिक करून काम होतं आणि मधेच कोणी आडवं गेलं तरी तो पूर्वीपेक्षा चांगला सावरतो.

तो हमखास कुठे अडकतो तेही सांगतो. मुंडावळ्यांच्या लोंबत्या माळा, नेटची ओढणी, अंतरपाटाची कड, अक्षतांचा पाऊस. तिथे मास्कची कड फडफडते आणि ग्रेड जोरात असेल तर चेहऱ्याभोवती वलय दिसतं. मी कड थोडी मऊ करतो आणि मास्कमधला बदल हलका ठेवतो. अर्ध्या स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) आत राहिलात तर कड कुणालाच दिसत नाही. चेहरा दीड स्टॉप उचलावा लागत असेल, तर तो शॉटच निवडायचा का, हे एडिटरला विचारा.

कामाचा क्रम कसा ठेवावा?

मी आधी टाइमलाइनचे विधींप्रमाणे गट पाडतो: हळद, सीमांतपूजन, वरात, मंगलाष्टकं, रिसेप्शन, पाठवणी. उजेड विधीगणिक बदलतो, म्हणून कॅमेऱ्यापेक्षा विधीप्रमाणे गट पाडलेला मला सोयीचा पडतो. मग प्रत्येक गटातला एक नायक शॉट निवडतो. त्यात नवरा-नवरी दोघं असावीत, चेहऱ्यावर सरळ उजेड असावा आणि कुठेतरी पांढरं असावं. हा शॉट पूर्ण हातानं, स्कोप बघत करतो. यात घाई करत नाही, कारण बाकीचे सगळे याच्यामागे चालणार असतात.

त्यानंतर गटातल्या इतर क्लिपा निवडून, नायक शॉटच्या थंबनेलवर राइट क्लिक करून शॉट मॅच देतो. साधारण सारख्या फ्रेमिंगच्या क्लिपा चटकन जागेवर येतात. ज्यात नवरीचा लाल शालू अर्धी फ्रेम व्यापतो, त्या बिघडतात. ते लाल उजेडाचं लाल समजलं जातं. अशा क्लिपांवर मॅच पुसून टाकतो आणि शेजारच्या बऱ्या क्लिपची ग्रेड कॉपी करतो. सगळं झालं की थंबनेलची जाळी उघडून दोन हात लांब बसतो. एकेक क्लिप बघताना सुटलेला वेगळा शॉट तिथे खड्यासारखा टोचतो. मास्क आणि फिल्मचं रूप यानंतर.

नोडचा क्रम विचाराल तर: नॉइज रिडक्शन, मग एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स, मग लॉगमधून (कॅमेऱ्याच्या फिक्या प्रोफाइलमधून) रेक. ७०९ मध्ये (साध्या पडद्याच्या रंगमानात) रूपांतर, मग चेहऱ्याचे मास्क, शेवटी लूक. शॉट मॅचला त्याचा वेगळा नोड द्या, म्हणजे पटलं नाही तर एका क्लिकनं बंद करता येतो.

लॉग फुटेजवर थेट एआय चालवलं तर?

फसतं. लॉगमध्ये चित्र मुद्दाम फिकं ठेवलेलं असतं. सोनीच्या एस-लॉग ३ मध्ये १८ टक्के राखाडी रंग ४१ टक्क्यांवर बसतो. टूलला हे सांगितलं नसेल तर त्याला वाटतं चित्रात कॉन्ट्रास्टच नाही, आणि ते खेचत सुटतं. म्हणून आधी कलर मॅनेजमेंट लावा किंवा कलर स्पेस ट्रान्सफॉर्मनं कॅमेऱ्याचं नाव आणि लॉग सांगा. ऑटो आणि मॅच त्यानंतर.

आणि एक विनंती. ८-बिट कॅमेऱ्यावर लॉगमध्ये शूट करू नका. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १०-बिटमध्ये १०२४. लॉगमध्ये त्या २५६ पैकीही थोड्याच कामी येतात, आणि ग्रेड करताना ताणल्या की आकाशात आणि भिंतींवर पट्टे उमटतात. नीट एक्स्पोज केलेला साधा प्रोफाइल तिथे जास्त चांगला दिसतो.

एआय टूल्स सावळ्या चेहऱ्यांना गोरं करतात का?

करू शकतात, आणि इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

रंगाची यंत्रं कोणाच्या चेहऱ्यावर बेतली गेली, हा जुना प्रश्न आहे. फोटो छापताना रंग जुळवायला कोडॅकची शर्ली कार्डं वापरली जायची. त्यांवर अनेक वर्षं गोऱ्या बाईचा फोटो असायचा, म्हणजे तिची कातडी बरोबर आली की छपाई बरोबर. एआयही ज्या चेहऱ्यांवर शिकतं त्यांच्यासाठी नीट चालतं. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या बाजारातल्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्का होती, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. ती टूल्स ग्रेडिंगची नव्हती, पण चेहरा शोधून त्यावर काम करणाऱ्या कुठल्याही टूलकडे बघताना मी हा आकडा लक्षात ठेवतो.

कामात हा फरक असा दिसतो. मॅच करताना टूल चेहरा "नॉर्मल" उजळतेवर नेतं. फेस रिफाइनमेंट किंवा मोबाइलवरचं ब्युटी फिल्टर कातडी गुळगुळीत करताना तिचा रंगही फिका करतं. एका लग्नाची फिल्म मी अशीच, वेळ कमी म्हणून, सगळ्या चेहऱ्यांवर एकच उजळ मास्क लावून दिली होती. नवरीच्या आईनं ती पाहिली आणि एवढंच म्हणाली, "ही माझी पोरगी वाटतच नाही." मी ती फिल्म पुन्हा केली. तेव्हापासून चेहऱ्याच्या मास्कमध्ये उजळता वाढवताना मी प्रत्येक वेळी मूळ क्लिपशी ताडून बघतो.

यात वेक्टरस्कोप, म्हणजे रंगाची छटा गोलावर दाखवणारा स्कोप, फार उपयोगी पडतो. त्यात लाल आणि पिवळ्याच्या मधे एक रेघ असते, तिला स्किन टोन लाइन म्हणतात. गोरी, गव्हाळ, सावळी, काळी, कुठलीही कातडी याच रेघेच्या आसपास पडते, कारण कातडीखालून झिरपणारा रक्ताचा रंग सगळ्यांचा सारखाच. फरक उजळतेत आणि रंगाच्या गडदपणात असतो. म्हणजे कातडीची छटा रेघेवर आणा आणि उजळता माणसाची होती तशी राहू द्या. सावळा चेहरा सुंदर दिसायला त्याला उचलावं लागत नाही. त्याच्या गालावरची चमक सांभाळावी लागते आणि सावल्यांमधला हिरवटपणा काढावा लागतो. एवढं केलंत की घरच्यांना पडद्यावर त्यांचंच माणूस दिसतं.

"जरा गोरं करून द्या" असं खुद्द गिऱ्हाईकच म्हणालं तर? म्हणतात. मी त्यांना दोन शॉट शेजारी ठेवून दाखवतो, एक उजळलेला आणि एक खऱ्या रंगात नीट सजवलेला. बहुतेक घरं दुसरा निवडतात.

रिसेप्शनच्या जांभळ्या-निळ्या लाइटमधले चेहरे एआय वाचवतं का?

स्टेजवरचा एलईडी पार निळ्यावर ठेवला असेल तर तो जवळजवळ निळाच उजेड फेकतो. सेन्सरच्या लाल आणि हिरव्या वाहिनीत चेहऱ्याची माहिती जवळजवळ येतच नाही, आणि निळी वाहिनी फुटलेली असते. जे टिपलंच गेलं नाही ते कुठलं टूल आणणार? फार तर सॅच्युरेशन उतरवा आणि त्या रंगाला पार्टीचा रंग म्हणून राहू द्या.

खरा उपाय लॉनवरच करायचा. लाइटवाल्या भाऊंना वरमाला आणि फोटोंच्या वेळेपुरता समोरचा पांढरा लाइट चालू ठेवायला सांगा. त्यांना गाणं सुरू झाल्यावर काय ते रंग उधळू द्या. फ्लिकरचंही तसंच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. हलका फ्लिकर डीफ्लिकरनं निघतो, जाड पट्टे राहतात.

अंधारातल्या वरातीच्या नॉइजचं काय?

नॉइज रिडक्शन ग्रेडच्या आधी, पहिल्याच नोडवर. मास्कही स्वच्छ चित्रावर चांगला बसतो. रिझॉल्व्हच्या १९ व्या आवृत्तीत आलेलं अल्ट्रा एनआर बारीक जरीकाम बऱ्यापैकी राखतं. तरी पैठणीच्या काठावर झूम करून बघा. काठ मेणासारखा दिसायला लागला तर कमी करा. नॉइज थोडा राहिला तरी रात्रीची वरात रात्रीचीच वाटते.

पाहुण्यांनी पाठवलेले आयफोनचे शॉट इतरांत बसत का नाहीत?

२०२० च्या आयफोन १२ पासून आयफोन एचडीआरमध्ये (उजळ-गडदाचा जास्त मोठा पल्ला टिपणाऱ्या प्रकारात) शूट करू शकतो आणि बहुतेकांच्या फोनमध्ये ते चालूच असतं. ती क्लिप साध्या टाइमलाइनवर टाकली की भगभगीत किंवा फिकट दिसते. क्लिपच्या इनपुट कलर स्पेसमध्ये रेक. २१०० एचएलजी द्या, अर्धं काम तिथेच होतं. शॉट मॅच त्यानंतर. आणि व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप घेऊ नका. ड्राइव्हवर टाकायला सांगा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

कॉम्प्युटर किती ताकदीचा लागतो? मे महिन्यात तर रेंडर रांगतो.

मास्क, नॉइज रिडक्शन, डेप्थ मॅप हे सगळं ग्राफिक कार्डावर चालतं. ४के साठी ८ जीबी मेमरीचं कार्ड आणि ३२ जीबी रॅम असेल तर काम सुखानं होतं. कार्ड कमजोर असेल तर आधी प्रॉक्सीवर (क्लिपांच्या हलक्या नकलांवर) काम करा, आणि मास्कच्या क्लिपा रेंडर कॅशवर (आधीच रेंडर करून) ठेवा.

उन्हाळ्याचं म्हणणं खरं आहे. बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीतलं कार्ड तापतं आणि जळू नये म्हणून आपला वेग आपणच उतरवतं. दुपारी चालणारा रेंडर सकाळपेक्षा हळू असतो तो त्यामुळे. कॅबिनेटच्या जाळ्या महिन्यातून एकदा ब्लोअरनं झाडा. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका, त्या हवेत ओल असते. मे महिन्यात मी मास्क-मॅचचं काम सकाळी करतो आणि रेंडर रात्री लावून घरी जातो.

मॉनिटर आणि खोली?

मॉनिटरचा पांढरा ६५०० केल्विन, गॅमा २.४, खोलीत मंद आणि तटस्थ उजेड, मागची भिंत राखाडी. माझ्या पहिल्या खोलीत पिवळा बल्ब होता. डोळा त्या पिवळ्याला सरावायचा, पडदा मला निळसर वाटायचा आणि मी प्रत्येक फिल्म पिवळी करत जायचो. महिनाभराची कामं दुरुस्त करावी लागली. मॉनिटरच खोटं दाखवत असेल तर एआयनं दिलेलं बरोबर की चूक, हे तुम्ही ठरवणार कशावरून?

चॅटजीपीटीकडून लट (एलयूटी, म्हणजे रंग बदलण्याचा तयार तक्ता) बनवून घेता येते का?

येते, पण तशी उपयोगाची नसते. लटची क्यूब फाइल म्हणजे साध्या आकड्यांच्या ओळी. ३३ पॉइंटच्या लटमध्ये ३३ × ३३ × ३३, म्हणजे ३५,९३७ ओळी. चॅटबॉट त्या लिहिणारा छोटा प्रोग्राम देऊ शकतो, मात्र तुमच्या क्लिपवर ते रंग कसे दिसतात हे त्याला स्कोपवर दिसत नाही. मी त्याचा उपयोग दुसऱ्या कामाला करतो: एखादं मेनू सापडत नसेल, एररचा अर्थ लागत नसेल, किंवा दिग्दर्शकानं "ओलसर, पावसानंतरचं वाटू दे" असं सांगितल्यावर ते रंगांच्या भाषेत मांडायचं असेल. उत्तर आलं की करून बघितल्याशिवाय मानत नाही, कारण नसलेली बटणंही तो ठामपणे सांगतो.

ऑनलाइन टूलवर गिऱ्हाइकाचं फुटेज टाकावं का?

विचारून. रिझॉल्व्हचा न्यूरल इंजिन (त्यातली एआयची यंत्रणा) तुमच्याच मशीनवर चालतो, त्याला इंटरनेट लागत नाही. ब्राउझरवर चालणाऱ्या टूल्समध्ये मात्र चित्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातं. लग्नाच्या फुटेजमध्ये लहान मुलं असतात, घरातल्या खोल्या असतात, दागिने असतात. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्यांनी विश्वासानं डिस्क हाती दिली त्यांना सांगणं आपलं काम आहे. मी बिलावरच एक ओळ लिहितो आणि सही घेतो.

"एआयनंच करता ना, मग रेट कमी करा."

हे आता प्रत्येक सीझनला ऐकावं लागतं. मी त्यांना खुर्ची देतो आणि ऑटोवर टाकलेली हळद दाखवतो. मग तीच हातानं सावरलेली. त्यानंतर रेटबद्दल शांतपणे बोलता येतं. वेळ वाचला म्हणून मी टीझर लवकर देतो, एखादी दुरुस्ती जास्तीची करून देतो, पण दर उतरवत नाही. नव्या पोरांनाही हेच सांगणं आहे: तासावर पैसे घेऊ नका, फिल्मवर घ्या. नाहीतर जितके हुशार व्हाल तितके कमी कमवाल.

शिकायला सुरुवात कुठून करू?

स्कोप वाचण्यापासून. महिनाभर ऑटोला हात न लावता रोज पाच क्लिपा हातानं जुळवा, मग शॉट मॅच चालवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. कुठे त्यानं तुमच्यापेक्षा चांगलं केलं आणि कुठे फसलं, ते वहीत लिहा. ब्लॅकमॅजिकच्या संकेतस्थळावर मोफत प्रशिक्षण पुस्तकं आणि सरावाचं फुटेज आहे. फुताळा तलावावर संध्याकाळी मोबाइलनं शूट केलंत तरी सरावाला उत्तम: अर्ध्या तासात उजेड सोनेरीपासून निळ्यापर्यंत जातो आणि सगळे शॉट एक करायला कस लागतो.

ग्रेडिंगला फुटेज देताना सोबत काय द्यावं?

कॅमेऱ्यांची नावं आणि कोणता कॅमेरा कुठल्या प्रोफाइलवर होता, हे एका कागदावर. क्लिपा मूळ स्वरूपात, कन्व्हर्ट न करता. एडिट लॉक झालेला असू द्या. नंतर शॉट बदलला की मास्क पुन्हा करावे लागतात. कुठल्या विधीला घरच्यांनी जास्त महत्त्व दिलं, तेही सांगा. आणि नवरीच्या शालूचा एक फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, शेजारी पांढरा कागद ठेवून काढून आणा. रात्रीच्या लाइटखाली राणी रंग लाल दिसतो, आणि खरा रंग तिच्या घरच्यांना पाठ असतो.